सघन हाड आणि जाळीदार हाड: एकाच हाडातल्या दोन बांधण्या

रविवारी मटण आणाल तेव्हा मांडीची नळी आडवी तोडून न घेता उभी चिरून घ्या. नेरुळला करवत असलेल्या दुकानात सांगितलं की देतात चिरून. घरी आणून धुवा आणि उजेडात धरा. मधल्या भागात दोन्ही बाजूंना जाड, पांढरी, गुळगुळीत भिंत दिसेल आणि मधल्या पोकळीत मज्जा. आता टोकाकडे बघा. भिंत पातळ होत जाते, पोकळी संपते आणि तिथे बारीक काड्यांची दाट जाळी सुरू होते. माणसाच्या मांडीच्या हाडाची ठेवणही अशीच असते. जाड भिंत म्हणजे सघन हाड, टोकाची जाळी म्हणजे जाळीदार हाड.

मी वाशी-नेरुळ भागात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. या दोन्हींबद्दल एक गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो: सघन हाड ते खरं, मजबूत हाड आणि जाळी म्हणजे हाड पोखरलं गेल्याची खूण. तसं नाही. जाळी जन्मापासून असते आणि ती असायलाच हवी. दोन्हींचा मालही एकच: कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू आणि त्यांत बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक. जाळीतली एकेक काडी नखाने दाबून बघा, ती कठीणच लागते. फरक आहे तो बांधणीत.

सघन हाड सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की त्यात गोल गोल खांब शेजारी-शेजारी दिसतात. त्यांना ऑस्टिऑन म्हणतात. एकाची रुंदी साधारण 0.2 मिलिमीटर. प्रत्येकाच्या मधोमध एक नलिका, तीत रक्तवाहिनी आणि चेता, आणि भोवती हाडाचे थर, एकात एक वर्तुळं. क्लॉप्टन हॅवर्स या इंग्रज वैद्याने 1691 मध्ये हाडांवरच्या आपल्या पुस्तकात या नलिकांचं वर्णन केलं, म्हणून आजही त्यांना हॅवर्सियन नलिका म्हणतात. थरांमधल्या इवल्या खोबणींत जिवंत पेशी बसलेल्या असतात आणि केसाहून बारीक वाटांनी त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. हाड म्हणजे निर्जीव दगड असं मानणाऱ्याने हे चित्र एकदा तरी बघावं.

जाळीदार हाडात सहसा असे खांब नसतात. काड्या इतक्या बारीक की आत वेगळी रक्तवाहिनी लागत नाही, भोवतीच्या मज्जेतूनच पोषण मिळतं. मणके, छातीचं हाड, कमरेचं हाड यांच्या जाळीत लाल मज्जा असते आणि मोठ्या माणसाचं रक्त प्रामुख्याने तिथेच तयार होतं. मज्जेच्या तपासणीसाठी डॉक्टर कमरेच्या हाडात सुई घालतात ती याचसाठी.

जाळीच्या काड्या वाटेल तशा पसरलेल्या नसतात. 1866 च्या सुमारास झुरिकमध्ये हर्मान फॉन मेयर या शरीररचनाशास्त्रज्ञाने खुब्याच्या जाळीची चित्रं दाखवली, तेव्हा कार्ल कुलमान हा इंजिनिअर चकित झाला. क्रेनच्या वाकड्या दांड्यात ताण आणि दाब ज्या रेषांनी जातो, जवळजवळ त्याच रेषांवर काड्या उभ्या होत्या. मला अजूनही हे वाचताना भरून येतं. लांब हाडाचा मधला भाग वाकवणाऱ्या जोराला तोंड देतो, म्हणून तिथे माल कडेला, जाड भिंतीत. सांध्याजवळ वेगवेगळ्या दिशांनी वजन येतं, म्हणून तिथे जाळी.

वजनाने बघितलं तर सांगाड्याचा सुमारे 80 टक्के भाग सघन आणि 20 टक्के जाळीदार. पण जाळीला पृष्ठभाग अफाट, आणि हाड खरवडणाऱ्या व नवं रचणाऱ्या पेशी पृष्ठभागावरच काम करतात. म्हणून जाळीदार हाड वर्षाला अंदाजे 25 टक्के बदलतं, सघन हाड जेमतेम 3 टक्के. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरतं, खरवडणं रचण्याच्या पुढे जातं, आणि पहिला मार जाळीला बसतो. मणक्यात आडव्या काड्या तुटल्या की उभ्या काड्या आधाराविना वाकतात. तुटून गेलेली काडी परत आणणं फार अवघड, कारण नवं हाड जुन्याच्या पृष्ठभागावर रचलं जातं आणि तो पृष्ठभागच गेलेला असतो.

वाशीच्या एका काकूंचा मणका भरलेली बादली उचलताना दबला. पडल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, "अगं, रक्तातलं कॅल्शियम तर नॉर्मल आलंय माझं." येईलच. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातलं प्रमाण थोडं जरी घसरलं तरी गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक हाडातून कॅल्शियम काढून ते भरून देतं. त्यामुळे हाडं ठिसूळ होत असतानाही रिपोर्ट छान दिसू शकतो.

पाम बीच रोडवर बाइकवरून उडालेल्या तरुणाची नडगी मधोमध मोडते, तेव्हा गोष्ट वेगळी. निरोगी सघन हाड मोडायला जबर जोर लागतो, आणि ते जुळायलाही बरेच महिने घेऊ शकतं. मनगटाजवळचं जाळीदार हाड मोडलं तर साध्या मोडीत प्लास्टर साधारण सहा आठवड्यांत निघतं. मात्र सत्तरीनंतर सघन भिंतीतही छिद्रं वाढत जातात. खुब्याच्या मानेत भिंत आणि जाळी दोन्ही कमकुवत होतात, म्हणून घरातल्या घरात पाय घसरला तरी खुबा मोडतो.

सोसायटीतल्या शिबिरात टाच यंत्रात ठेवून हाड तपासतात, तेही जाळीसाठीच. टाचेचं हाड पातळ कवचाखाली जवळजवळ सगळं जाळीदार असतं. पण ती फक्त चाळणी आहे. तिथे आकडा कमी आला तर तेवढ्यावर गोळ्या सुरू करू नका आणि घाबरूही नका. डॉक्टरांना विचारून कमरेचे मणके आणि खुबा यांचा डेक्सा स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी हाडाची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. त्यात टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली असेल, तर त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात.