मूळ शब्द आणि प्रत्यय : मुलांचे व्याकरणशिक्षण

मूळ शब्द ओळखणे, त्याला लागलेला प्रत्यय वेगळा काढणे आणि त्या जोडणीत मूळ शब्दाचे रूप कसे बदलले हे पाहणे, हा लहान मुलांच्या व्याकरणशिक्षणाचा पहिला टप्पा होय. मराठीसारख्या प्रत्ययबहुल भाषेत वाचन, शुद्धलेखन आणि शब्दसंग्रह या तिन्ही गोष्टी याच पायावर उभ्या राहतात. 'झाडाखालच्यांनासुद्धा' हा एकच शब्द पाहावा. सुटे सुटे अक्षर लावत जाणारे मूल त्यात अडखळते. त्यातून 'झाड' बाहेर काढता आले, की उरलेले 'खाल', 'च्या', 'ना', 'सुद्धा' हे तुकडे ओळखीचे निघतात.

शाळेत येण्यापूर्वीच मुलाला हे सारे बोलता येत असते. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीतील प्रयोगात मुलांना पक्ष्यासारखे एक चित्र दाखवून त्याचे नाव 'वग' असल्याचे सांगितले आणि दोन असतील तर काय म्हणायचे, असे विचारले. हा शब्द मुलांनी कधीच ऐकलेला नव्हता, तरी बहुतेकांनी त्याचे अनेकवचन बरोबर केले. मुले रूपे पाठ करत नाहीत, त्यांतला नियम उचलतात, हे त्यातून दिसले. मराठीतही असा खेळ खेळता येतो. 'हा एक टोपका. आता दोन झाले. हे दोन कोण?' उत्तर येते, 'टोपके'. 'खाऊ कोणाला देऊ?' 'टोपक्याला'. 'टोपका'चे 'टोपक्या-' करायला मुलाला कोणी शिकवलेले नसते.

मुलांच्या चुकाही याच नियमातून येतात. 'मी केलं' ऐवजी 'मी करलं' म्हणणारे मूल 'बसलं', 'पडलं', 'हसलं' यांच्या चालीवर 'कर'ला नीट प्रत्यय लावत असते. 'केला', 'गेला', 'आला', 'मेला' ही रूपे त्या चालीत बसत नाहीत, हा भाषेचा इतिहास आहे. त्यात मुलाचा दोष नाही. अशा वेळी हसणे किंवा खोडून काढणे टाळावे. 'हो का, तू केलंस?' असे बरोबर रूप सहज कानावर घालणे पुरते.

सामान्यरूप. प्रत्यय लागण्यापूर्वी मूळ शब्दाचे जे बदललेले रूप होते, ते सामान्यरूप. मराठी व्याकरणशिक्षणाचे खरे मर्म येथे आहे आणि नेमके तेच पाठांतरात हरवते. विभक्तीचा आठ ओळींचा तक्ता संस्कृत व्याकरणावरून आला. संस्कृतात प्रत्यय आणि शब्द एकजीव होतात, त्यामुळे बहुतेक विभक्तींची रूपे वेगवेगळी दिसतात. मराठीत तसे नाही. 'घोडा'चे एकदा 'घोड्या-' झाले, की त्यालाच ला, ने, शी, चा, त लागतात आणि वर, खाली, साठी, मागे ही शब्दयोगी अव्ययेही त्यालाच चिकटतात. म्हणजे मुलाने एकवचनात 'घोडा' आणि 'घोड्या-', अनेकवचनात 'घोडे' आणि 'घोड्यां-' एवढी चारच रूपे जाणायची. 'घरी'सारखी काही रूपे वेगळी, पण ती थोडी. प्रथमा ते संबोधन घोकणाऱ्या मुलाला आठ गोष्टी शिकल्याचे वाटते, पण बदल एकाच जागी होतो हे त्याच्या लक्षात येत नाही. तक्ता टाकून द्यावा असे नाही. त्याची जागा शेवटी आहे, आरंभी नव्हे.

सामान्यरूप कसे होते, हे शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर आणि लिंगावर ठरते. 'घर' 'घरा-' होते, पण 'भिंत' 'भिंती-' आणि 'वीट' 'विटे-'. आकारान्त पुल्लिंगी 'दोरा' 'दोऱ्या-' होतो, तर आकारान्त स्त्रीलिंगी 'शाळा' 'शाळे-'. 'ससा', 'मासा', 'पैसा' यांतील 'सा'चा 'शा' होतो : सशाला, माशाला, पैशाला. 'मोती' 'मोत्याला' होतो, 'हत्ती' मात्र 'हत्तीला'च राहतो. हे नियम फळ्यावर मांडून शिकवू नयेत. मुलांकडून एकेका गटाचे दहा-बारा शब्द 'ला' लावून मोठ्याने म्हणवून घ्यावेत आणि मग 'काय बदललं?' असे विचारावे. उत्तर तीच देतात.

शुद्धलेखनाचा मोठा भागही येथेच सुटतो. 'फूल' दीर्घ, पण 'फुलाला' ऱ्हस्व का, याचे उत्तर सामान्यरूपात आहे. 'माणूस', 'कापूस', 'लाकूड' यांतला 'ऊ' तर प्रत्ययापूर्वी नाहीसाच होतो : माणसाला, कापसाला, लाकडाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द अपवाद ठरतात : 'शरीर' 'शरीराला', 'दूत' 'दूताला'. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांत ही तत्त्वे आहेत. ती सुटी पाठ करण्यापेक्षा शब्दांच्या जोड्यांतून लवकर अंगवळणी पडतात.

शब्दांची कुटुंबे. विभक्तीप्रत्ययाने शब्द तोच राहतो. प्रत्यय किंवा उपसर्ग लागून बनलेल्या साधित शब्दांत मात्र नवा अर्थ जन्मतो. 'खेळ' या एका धातूपासून खेळणे, खेळणी, खेळाडू, खेळकर, खेळवणे हे शब्द होतात. असे कुटुंब मुलांनी स्वतः जमवले, तर '-आळू', '-कर', '-पणा', '-दार' हे प्रत्यय अर्थासह ध्यानात राहतात. न पाहिलेला शब्दही मग परका वाटत नाही. शब्दकोश वापरण्याची हीच पूर्वतयारी आहे, कारण कोशात 'माशांनी' सापडत नाही, 'मासा' सापडतो, आणि 'केलेले' शोधायला 'करणे' गाठावे लागते.

नुसते अक्षरसाम्य पाहून शब्द फोडला, तर फसगत होते. 'बेफिकीर'मध्ये 'बे' हा उपसर्ग आहे, 'बेडूक'मध्ये नाही. 'अडाणी'तून 'अ' काढला, तर उरलेल्या 'डाणी'ला अर्थ नाही. 'दुकानदार'मधला 'दार' दरवाजा नव्हे. म्हणून तोडल्यावर मागे उरणारा तुकडा स्वतंत्र शब्द आहे का आणि त्याचा अर्थ पूर्ण शब्दात टिकतो का, हे दोन प्रश्न मुलांना विचारायची सवय लावावी. असे खोटे शब्द शोधायला मुलांना फार आवडते आणि या शोधातच त्यांचे कान तयार होतात.

वाक्यातील मेळ. नाम, विशेषण, क्रियापद या संज्ञा याच्या पुढच्या. 'पांढरा घोडा', 'पांढरी घोडी', 'पांढऱ्या घोड्याला' हे म्हणताना विशेषण नामाबरोबर चालते, पण 'लाल' किंवा 'सुंदर' बदलत नाही, हे मुले स्वतः पकडतात. भूतकाळात मराठी आणखी एक गंमत करते : 'त्याने कागद फाडला', 'त्याने चिठ्ठी फाडली', 'त्याने पान फाडले'. फाडणारा तोच, तरी क्रियापद फाटलेल्या वस्तूच्या मागे गेले. 'कर्मणी प्रयोग' हे नाव सांगण्याआधी अशी पाच-सहा वाक्ये मुलांनी बनवलेली असावीत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये निघाले आणि मोरो केशव दामले यांचे १९११ मध्ये. ही व्याकरणे भाषा येणाऱ्यांसाठी लिहिलेली होती. त्यांतल्या संज्ञा बालवर्गात तशाच उतरवल्या, तर मुलाला आधीपासून येत असलेलीच गोष्ट अवघड वाटू लागते.