एक लिटर जातं कुठे?

“गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?” हा प्रश्न मराठी घरात गाडीच्या रंगाआधी विचारला जातो. अ‍ॅव्हरेज म्हणजे सरासरी. पण कशाची सरासरी, हे सांगायची आपल्याला कधी गरज पडली नाही. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. परभणीकर तर त्याआधीच तिथे पोचले होते. तेव्हापासून चारचाकीवाल्यांनाही हा प्रश्न विचारताना संकोच वाटेनासा झाला. एरवी सनरूफ आणि टचस्क्रीनवर अर्धा तास बोलणारा सेल्समनही आता आकडा आधी सांगतो.

तो आकडा येतो कुठून? बऱ्याचदा पुण्याच्या वेताळ टेकडीवरून. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था तिथे आहे. गाडी रुळांवर चढवतात, म्हणजे मोठ्या फिरत्या दंडगोलांवर. चाकं फिरतात, गाडी जागेवरच राहते. ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत, कमी करत, मध्येच थांबत सुमारे २० मिनिटांत १०.६ किलोमीटर ‘अंतर’ कापलं जातं. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, सरासरी वेग ३२. एसी बंद. खड्डा नाही, घाट नाही, मागच्या सीटवर सासरची मंडळी नाहीत. गंमत अशी की यात पेट्रोल मोजतच नाहीत, धूर मोजतात. धुरातला कार्बन पेट्रोलमधूनच आलेला असणार, तेव्हा कार्बनच्या वजनावरून किती पेट्रोल जळलं ते काढता येतं. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोही भरत नाही, पण त्यापासून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.

रस्त्यावर हा आकडा मिळत नाही म्हणून आपण कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. पण चाचणी खोटी नसते, फक्त ती आपल्या रस्त्याची नसते. आपल्या रस्त्यावर पेट्रोलचं काय होतं, ते बघायला हवं.

एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. वीजबिलाच्या भाषेत जवळजवळ ९ युनिट. शहरात चालवताना त्यातली पाचव्या हिश्शाच्या आसपास ऊर्जाच चाकापर्यंत पोचते. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. काही नुकसान टळण्यासारखं नाही, कारण उष्णतेचं पूर्णपणे कामात रूपांतर करणारं इंजिन निसर्गनियमानेच बनवता येत नाही. पण बरंचसं नुकसान इंजिनाच्या आळसाचं असतं. आपण हळू जाताना पेट्रोल इंजिनाची हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. चिमटलेल्या नळीतून उसाचा रस ओढावा तशी इंजिनाला हवा ओढावी लागते आणि त्यातच ताकद खर्च होते. डिझेल इंजिनात अशी झडप मिटून ताकद कमी करत नाहीत, आणि दाबही जास्त असतो. डिझेलच्या चांगल्या अ‍ॅव्हरेजची ही दोन मोठी कारणं.

मग जे थोडंफार चाकापर्यंत पोचतं, त्याचं काय? इथे एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. माणसांसकट एक टन वजनाची गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे. तिच्यात ९६ किलोज्यूल गतिज ऊर्जा आहे. इंजिनाने पेट्रोलच्या ऊर्जेतला चौथा हिस्सा चाकाला दिला असं धरलं, तर हा वेग मिळवायला सुमारे १२ मिलिलिटर पेट्रोल लागलं. अडीच चहाचे चमचे. पुढे सिग्नल लाल झाला, आपण ब्रेक दाबला, आणि ते अडीच चमचे ब्रेकच्या पॅडवर उष्णता होऊन संपले. लिटरचा भाव १०४ रुपये धरला तर प्रत्येक थांब्याला सव्वा रुपया. पौड फाट्यापासून डेक्कनपर्यंत असे किती सव्वा रुपये होतात, ते ज्याचं त्याने मोजावं. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना त्याच्या दिशेने जोरात गाडी दामटणाऱ्यांबद्दल मला म्हणूनच आदर वाटत नाही.

महामार्गावर शत्रू बदलतो. तिथे ब्रेक फारसा लागत नाही, पण हवा आडवी येते. याच गाडीला टायरचं घर्षण साधारण १०० न्यूटनने मागे ओढतं, मग वेग कितीही असो. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० ला तो ५० न्यूटन असतो, ८० ला २०५, १०० ला ३२० आणि १२० ला ४६०. म्हणजे ८० वरून १०० वर गेलात की गाडी ढकलायला ३८ टक्के जास्त जोर लागतो. पेट्रोल अगदी तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही, कारण भार वाढल्यावर इंजिन थोडं मन लावून काम करतं. पण वाढतं ते चांगलंच. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग ९५ किलोमीटरचा आहे. घाटही नाही आणि रांगही नाही असं धरलं तरी या घाईतून १४ मिनिटं वाचतात, आणि ती पुढे फूड मॉलमध्ये वडापावच्या रांगेत जातात.

घाटावरून आठवलं. आमचे एक मामा खंबाटकी उतरताना स्कूटर न्यूट्रलवर टाकत आणि “आता फुकटात,” म्हणत. कार्बोरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य होतं, धोका मात्र पुष्कळ. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत प्रकार उलटा आहे. गिअरमध्ये ठेवून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की संगणक पेट्रोल पूर्ण तोडतो, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये टाकलं की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावं लागतं. सौम्य उतारावर गणित जरा वेगळं होऊ शकतं. पण जिथे ब्रेक लावावाच लागणार आहे त्या घाटात न्यूट्रल म्हणजे पेट्रोलही जास्त आणि ब्रेकही तापलेले.

वजन हा खरा मुद्दा, आणि तो भावाशी जुना बांधलेला आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव ३ डॉलरच्या आसपास होता तो १२ डॉलरजवळ गेला. आपल्याकडे त्याच नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले. अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून कंपन्यांना १९८५ पर्यंत मोटारींची सरासरी गॅलनमागे २७.५ मैलांवर न्यायला सांगितलं, म्हणजे आपल्या भाषेत लिटरमागे जेमतेम पावणेबारा. तिथल्या गाड्या शेकडो किलोंनी हलक्या झाल्या आणि जपानी छोट्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळालं. १९८६ मध्ये तेल स्वस्त झालं आणि गाड्या पुन्हा फुगू लागल्या. माणसाला काटकसर मनापासून आवडते असं इतिहास तरी सांगत नाही.

भारतात हा बदल डिसेंबर १९८३ मध्ये आला. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी नऊशे किलोंच्या जवळ होती. मारुती ८०० आली ती साडेसहाशेच्या आसपास, पुढच्या चाकांवर चालणारी, ७९६ सीसीची. मोठी जादू काही नव्हती. ओढायचं लोखंडच कमी होतं.

आता फसगतीकडे येऊ. ‘सीएनजीवर गाडी तीस देते’ असं आपण म्हणतो. पण हे तीस किलोमागे आहेत, लिटरमागे नव्हेत. एक किलो सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. म्हणजे पेट्रोलवर बावीस देणारी गाडी गॅसवर तीस देते तेव्हा इंजिन हुशार झालेलं नसतं, माप मोठं झालेलं असतं. पैसे वाचतात ते खरेच, पण ते भावामुळे. डिझेलच्या लिटरमध्येही पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. उलट इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. म्हणून २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. उसाला भाव मिळतो, पण पंपावरच्या काट्याला फक्त लिटर कळतात.

हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली, मात्र मापात नाही, मुळात काटकसर करते. ते अडीच चमचे ब्रेकवर जाळण्याऐवजी तिची मोटर उलटी जनित्रासारखी फिरते आणि बराचसा भाग बॅटरीत परत भरते. बॅटरी केवढी? मारुती आणि टोयोटाने २०२२ मध्ये आणलेल्या ग्रँड विटारा–हायरायडर जोडीच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये पाऊण युनिटची. म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात पेट्रोलची अर्धी वाटीही नाही. पण तिचं काम साठा करण्याचं नाही, हातउसन्याचं आहे. गर्दीत इंजिन आळसावतं तिथे ते सरळ बंद ठेवायचं आणि चालवायचं तेव्हा त्याच्या आवडत्या भारावर चालवायचं. प्रमाणित चाचणीत ही गाडी २७.९७ देते. रिकाम्या महामार्गावर हा फायदा बराच ओसरतो, कारण तिथे परत मिळवण्यासारखं ब्रेकिंगच नसतं.

तरीही ‘लिटरमागे किलोमीटर’ हे माप डोक्याला चकवतंच. २००८ मध्ये, अमेरिकेत गॅसोलीन गॅलनमागे ४ डॉलरवर गेलं होतं त्या उन्हाळ्यात, ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हा चकवा दाखवून दिला. आपल्या आकड्यांत सांगतो. एकाने २० देणारी गाडी विकून ३० देणारी घेतली. दुसऱ्याने १० देणारी विकून १२ देणारी घेतली. जास्त पेट्रोल कोणाचं वाचलं? दोघं वर्षाला १०,००० किलोमीटर चालवतात. पहिल्याचे ५०० लिटर होते, ३३३ झाले. दुसऱ्याचे १,००० होते, ८३३ झाले. बचत तंतोतंत सारखी, १६७ लिटर. पण पहिला सोसायटीत पेढे वाटेल आणि दुसरा गप्प बसेल. युरोपात ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असं मोजतात, तिथे हा घोळ होत नाही.

आणि खिशाचं गणित याच लिटरांवर चालतं. १६ देणाऱ्या गाडीऐवजी २४ देणारी घेतली आणि ती अडीच लाखांनी महाग पडली असं समजू. १०,००० किलोमीटरला २०८ लिटर वाचतात; १०४ च्या भावाने सुमारे २१,७०० रुपये. अडीच लाख सुटायला साडेअकरा वर्षं. भाव ७० असता तर सतरा. त्यामुळे रविवारी सिंहगडापर्यंत जाऊन येणाऱ्याने हायब्रिड घ्यायची ती शांततेसाठी घ्यावी, बचतीचं कारण बायकोला सांगू नये. तेच वर्षाला ६०,००० किलोमीटर चालणाऱ्या टॅक्सीला दोन वर्षांच्या आत पैसे सुटतात.

म्हणूनच भावाची झळ आधी टॅक्सीवाल्याला लागते आणि उपायही तोच आधी शोधतो. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आजच्या मापाने अ‍ॅव्हरेजमध्ये कुठेच बसत नव्हती. काही अंशी परवडतं म्हणून आणि काही अंशी प्रदूषणाविषयी न्यायालयाने दिलेल्या आदेशांमुळे तिच्या डिकीत सीएनजीची टाकी बसली. सामान ठेवायला जागा उरली नाही, बॅगा टपावर गेल्या. ती रस्त्यावरून गेली २०२३ च्या ऑक्टोबरात, आणि तीही पेट्रोल परवडत नाही म्हणून नव्हे, तर टॅक्सीसाठीची वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून.