ज्वालामुखीची राख आणि विमानबंदी

ज्वालामुखी फुटला की राखेचा ढग ज्या पट्ट्यातून जातो तिथली विमानं थांबवतात, वळवतात नाहीतर वेगळ्या उंचीवरून नेतात. ही काळजी गरजेपेक्षा जास्त आहे का, हा वाद खरा पेटला तो २०१० मध्ये.

राख हा शब्द इथे जरा फसवा आहे. चुलीतल्या राखेशी हिचा काही संबंध नाही कारण ही काही जळून झालेली नसते, २ मिलीमीटरपेक्षा बारीक असा दगडाचा, स्फटिकांचा आणि काचेचा तो चुरा असतो, म्हणजे हातात घेतली तर भांडी घासायच्या राखेपेक्षा रांगोळीसारखी जास्त लागेल. बडोदेकरांना ज्वालामुखीचा खडक बघायला लांब जायला नको, पावागडला बेसॉल्टच्या थरांवर माथ्याकडे रायोलाइट आहे, सिलिका (वाळूतला मुख्य घटक) भरपूर असलेला ज्वालामुखी खडक. असल्याच खडकाचा पिठासारखा भुगा इंजिनात गेला तर काय होईल याचा विचार करावा. जेट इंजिनात आत तापमान १४०० अंश सेल्सियसच्या आसपास जातं आणि राखेतली काच साधारण ११०० ला वितळते, मग ती पुढे टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन थिजते, पाती थंड ठेवणाऱ्या हवेची बारीक भोकं बुजतात, हवेचा रस्ता कोंडतो आणि इंजिन बंद पडतं. शिवाय पायलटला हे आधी कळत नाही. विमानातला वेदर रडार पाण्याचे थेंब पकडतो, कोरडी राख त्याला दिसत नाही, रात्री तर डोळ्यांनाही नाही.

२४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७, मुंबईवरूनच पुढे गेलेली फ्लाईट, जावातल्या गालुंगगुंगच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. ३७,००० फुटांवरून ते तरंगत खाली आलं, साधारण १३,००० फुटांच्या आसपास इंजिनं परत चालू झाली आणि जकार्ताला उतरलं तेव्हा समोरची काच घासून आंधळी झाली होती. आतले सगळे २६३ जण वाचले. १५ डिसेंबर १९८९ ला अलास्कात रिडाउटच्या राखेत केएलएमच्या ७४७ चं तेच झालं, तेही सुखरूप उतरलं, पण नुकसान ८ कोटी डॉलरच्या घरात गेलं. या दोन्ही घटना दाट राखेतल्या. विरळ राखेचं काय, हा प्रश्न तसाच राहिला आणि नियम मात्र 'राख असेल तिथे जाऊ नका' एवढाच होता.

एप्रिल २०१० मध्ये आइसलँडचा एयाफ्यात्लायोकुत्ल फुटला आणि १५ तारखेपासून युरोपच्या बऱ्याच भागाचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद राहिलं, सुमारे १ लाख फ्लाइट कॅन्सल, १ कोटीच्या आसपास प्रवासी अडकले, आणि विमान कंपन्यांचा तोटा त्यांच्याच संघटनेच्या अंदाजाने १.७ अब्ज डॉलर. कंपन्यांनी प्रवासी न घेता विमानं उडवून दाखवली, काही झालं नाही म्हणाल्या. २० एप्रिलला ब्रिटनने घनमीटर हवेत २ मिलीग्रॅम राखेची मर्यादा ठरवली, मे महिन्यात ४ वर नेली, तीही ठराविक वेळेपुरती. इतक्या दिवसांत विमानं बदलली नव्हती, बदलला तो आकडा, म्हणून बंदी अतिरेकी होती असं म्हणणाऱ्यांचा हा मोठा मुद्दा.

पण उलट पुरावाही आहे आणि तो जास्त वजनदार वाटतो. त्याच दिवसांत उडालेल्या फिनलंडच्या हवाई दलाच्या एफ-१८ विमानांच्या इंजिनात वितळलेल्या काचेचे थर सापडले. आइसलँड आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की त्या स्फोटाची सुरुवातीची राख फार बारीक, कडक आणि धारदार होती, बंदी योग्यच होती. सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र फेब्रुवारी २००० चं आहे. नासाचं डीसी-८ विमान आइसलँडच्याच हेक्ला ज्वालामुखीच्या विरळ राखेतून रात्री साधारण सात मिनिटं गेलं, क्रूला काहीच जाणवलं नाही, फक्त आतल्या शास्त्रीय उपकरणांनी ते टिपलं, पण नंतर इंजिनं उघडली तर दुरुस्तीला ३२ लाख डॉलर लागले. म्हणजे विमान नीट उतरलं यावरून राख निरुपद्रवी होती असं ठरत नाही. किती राख याच्याबरोबर किती वेळ हेही बघा, असं इंजिन बनवणाऱ्यांचं नंतरचं मत, कारण ४ मिलीग्रॅममध्ये तासभर म्हणजे (४ मिलीग्रॅम गुणिले ३,६०० सेकंद) १४.४ ग्रॅम-सेकंद प्रति घनमीटर इतका डोस होतो. ही दिशा बरोबर दिसते. तरी राखेत काच किती, सिलिका किती, यावर ती कधी मऊ पडते ते ठरतं, त्यामुळे सगळ्या ज्वालामुखींना एकच आकडा कसा लावायचा हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडचा अनुभव अगदी ताजा आहे. २३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी फुटला ('१२,००० वर्षांनी फुटला' हा बातम्यांतला आकडा जपून घ्यावा, होलोसीन म्हणजे गेल्या साधारण १२,००० वर्षांच्या काळात आधीच्या उद्रेकाची नोंद नव्हती एवढाच त्याचा अर्थ) आणि दुसऱ्या दिवशी राख अरबी समुद्र ओलांडून गुजरात, राजस्थान, दिल्लीवर आली. डीजीसीएने, म्हणजे देशाच्या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने, कंपन्यांना त्या उंचीवरून जाऊ नका असं सांगितलं, काही फ्लाइट रद्द झाल्या, कन्नूरहून अबू धाबीला निघालेलं विमान अहमदाबादला उतरवलं. आखातात जाणारे बडोदेकर अहमदाबाद नाहीतर मुंबईहूनच निघतात त्यामुळे इथेही त्या रात्री फोनाफोनी चालू होती. ढग वर होता, खाली बडोद्याच्या हरणी विमानतळाच्या धावपट्टीवर राख पडायचं काही कारण नव्हतं, आणि २५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत तो चीनकडे सरकला.