बालहत्या प्रतिबंधक गृह

बालहत्या प्रतिबंधक गृह : लग्नाबाहेर दिवस गेलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावे आणि जन्मलेले मूल मारले जाऊ नये, यासाठी १९व्या शतकात मुंबई इलाख्यात निघालेली आश्रयस्थाने. त्यांतले पुण्याचे गृह जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये आपल्या राहत्या घराच्या आवारात सुरू केले.

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींत विधवेला पाट लावता येई, म्हणजे दुसरे लग्न करता येई. ब्राह्मणांत आणि त्यांचे पाहून सोवळे पाळणाऱ्या घरांत ती वाट बंद होती. आठव्या-नवव्या वर्षी लग्न झालेली मुलगी वयात येण्याआधीच विधवा होई. मग केशवपन, अंगावर आलवण (विधवेचे तांबडे लुगडे), एक वेळचे जेवण आणि उरलेला जन्म माजघर ते स्वयंपाकघर एवढाच. तिच्यापर्यंत पोहोचू शके तो पुरुष बहुधा घरातला किंवा घरोब्याचा असे : दीर, सासरा, आश्रित, शेजारचा शास्त्री. कुठे जबरदस्ती होती, कुठे फसवणूक, कुठे दोघांचा खरोखर जीव जडलेला. लोकांच्या लेखी तिन्ही सारखीच, ‘तिचे पाऊल वाकडे पडले’.

पुढचे सगळे अब्रूच्या हिशेबाने चाले. आधी झाडपाल्याची जहाल औषधे. त्यांनी पोट पडले नाही, तर तीर्थयात्रेचे निमित्त काढून बाईला पंढरपूर किंवा काशीला नेत आणि बाळंतपण उरकून एकटीला परत आणत. कधी तिला तिथेच सोडून येत. बोभाटा झालाच, तर घर वाळीत पडे. त्या भयाने घरचेच तिचा घटस्फोट करत. इथे या शब्दाचा अर्थ काडीमोड नव्हे. पाण्याने भरलेला घट फोडून जित्या माणसाला मेलेले ठरवण्याचा तो विधी.

इंग्रजी कायद्याने हा फास सैल केला नाही, उलट आवळला. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाह कायदेशीर ठरला, पण पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपे. उलट, आसामातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, गेलेल्या मणिराम कोलिता खटल्यात १८८० साली असे ठरले, की एकदा वारसाहक्काने मिळालेली मालमत्ता नंतरच्या ‘बदचाली’मुळे विधवेकडून जात नाही. म्हणजे ज्याच्यावर जीव जडला त्याच्याशी उघड लग्न केले तर घरदार जाणार, चोरून संबंध ठेवला तर राहणार. १८६२ पासून लागू झालेल्या भारतीय दंडसंहितेत गर्भ पाडणे गुन्हा होता आणि त्यात स्वतः ती बाईही आरोपी. मूल टाकून देणे कलम ३१७ खाली गुन्हा, मेलेले मूल गुपचूप पुरणे कलम ३१८ खाली. व्यभिचाराचे कलम मात्र दुसऱ्याच्या पत्नीशी संबंध ठेवणाऱ्यापुरते होते. विधवेला तो नवराच नव्हता, त्यामुळे तिच्याशी संबंध ठेवणारा पुरुष त्या कलमातून मोकळा.

काशीबाईच्या प्रकरणात हेच घडले. जोतीरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी ही तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिला नादी लावले. दिवस गेल्यावर औषधे घेऊन पाहिली, उपयोग झाला नाही. मुलगा झाला. अब्रूच्या धास्तीने तिने त्याला सुरीने मारले आणि घरामागच्या विहिरीत टाकले. प्रेत सापडले, सेशन कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जोतीरावांनी १८८४ मध्ये पारशी सुधारक बेहरामजी मलबारींच्या बालविवाह व सक्तीच्या वैधव्याविषयीच्या टिपणांवर मत देताना ही हकिकत लिहिली आहे. काशीबाईचे नाव इतिहासात राहिले, शास्त्रीबुवाचे नाही.

या घटनेने जोतीराव फार हलले. त्यांनी ब्राह्मणवस्तीत कोपऱ्या-कोपऱ्यावर पत्रके लावली. विधवांनी इथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे; मूल बरोबर न्यावे की ठेवून जावे, हे त्यांच्या मर्जीवर. सुधारकांनी अशा गोष्टी चव्हाट्यावर आणाव्यात, अशी आपली सहज अपेक्षा असते. फुले दांपत्याने उलटे केले : गुपित बाईच्या जिवावर उठले होते, तेच त्यांनी तिच्या रक्षणाला लावले. तेही भर वस्तीत, आणि ज्या ब्राह्मणांशी जोतीरावांचे हाडवैर समजले जाई त्यांच्याच लेकीसुनांसाठी. बाळंतपणे आणि मुलांची देखभाल सावित्रीबाईंच्या अंगावर होती.

जोतीरावांनीच दिलेल्या माहितीप्रमाणे १८८४ पर्यंत इथे ३५ विधवा बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली, ३० दगावली. आयांनी गर्भ लपवण्यासाठी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच त्यांची हानी झालेली होती. तेव्हा गृहाचे यश मुलांच्या संख्येवरून मोजू नये. त्या ३५ बायका विहिरीपासून आणि फासापासून वाचल्या.

पंढरपूरचे गृह १८७५ मध्ये तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या प्रयत्नाने निघाले आणि पुढे प्रार्थना समाजाने सांभाळले. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, ती पुढे कमी झाली. वर्तमानपत्रांनी या निमित्ताने एकूण बाईच्या जातीलाच दोष देणे सुरू केले. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) लिहून उत्तर दिले : बायकांच्या माथी मारलेले दुर्गुण पुरुषांत अधिक आहेत, आणि विधवेला फशी पाडणारा कोण, हे आधी विचारा. जोतीरावांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत ताराबाईंची बाजू घेतली.

पुण्याच्या गृहात एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. तिचेही नाव काशीबाईच सांगितले जाते, म्हणून दोघींची पुष्कळदा गल्लत होते. अंदमानची शिक्षा झालेली काशीबाई ती ही नव्हे. मुलाचे नाव यशवंत. तो डॉक्टर झाला. त्याच्या जन्माची गोष्ट फुल्यांनी लपवली नाही, आणि नातलग ती विसरले नाहीत. नोव्हेंबर १८९० मध्ये जोतीराव वारले तेव्हा अंत्ययात्रेपुढे टिटवे (विस्तवाचे मडके) कोणी धरायचे यावरून तंटा झाला. दत्तक मुलाचा हा मान भाऊबंदांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवे स्वतः हातात घेतले आणि त्या प्रेतापुढे चालू लागल्या.