हौशी विमानासाठी कोणते ॲल्युमिनियम?

अमेरिकेत घराच्या गॅरेजमध्ये स्वतःचे विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींपुढे पत्रा खरेदी करताना मुख्यतः २०२४-टी३, ६०६१-टी६ आणि ७०७५-टी६ ही तीन मिश्रधातूंची नावे असतात. पहिला आकडा मिश्रणाचा प्रकार सांगतो आणि ‘टी’पुढचा आकडा त्यावर केलेले उष्णतेचे संस्कार. शुद्ध ॲल्युमिनियम विमानासाठी फार मऊ असते. पण त्यात तांबे, मॅग्नेशियम, सिलिकॉन किंवा जस्त मिसळून ते तापवले आणि झटकन थंड केले, तर पुढे त्याच्या स्फटिकांत अतिसूक्ष्म कण तयार होऊन धातू कणखर बनतो. थंड केल्यानंतर काही काळाने येणारा हा कणखरपणा जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये आढळला.

कायमची विकृती येण्यापूर्वी ७०७५ सुमारे ५००, २०२४ सुमारे ३४५ आणि ६०६१ सुमारे २७५ मेगापास्कल ताण सोसतो. एवढ्यावरून सर्वांत बळकट तो उत्तम असे ठरवणे मात्र चुकीचे आहे. तिघांचा ताठपणा, म्हणजे ताणाखाली वाकण्या-लांबण्याला होणारा विरोध, जवळपास सारखाच, ७० गिगापास्कलच्या (१ गिगापास्कल म्हणजे १००० मेगापास्कल) आसपास असतो, आणि पंखाचा पातळ पत्रा दाबाखाली बहुधा तुटण्याआधी सुरकुततो. हे सुरकुतणे बळापेक्षा ताठपणावर आणि जाडीवर अवलंबून असते. अशा ठिकाणी महागड्या मिश्रधातूचे जादा बळ वापरलेच जात नाही. म्हणूनच घरी जोडायच्या विमानांचे संच विकणाऱ्या झेनिथ कंपनीच्या विमानांत ६०६१ सुखाने नांदतो: तो स्वस्त आहे, कमी त्रिज्येत वाकतो आणि गंजाला चांगले तोंड देतो.

अशाच संचांची दुसरी कंपनी व्हॅन्स हिच्या ‘आरव्ही’ मालिकेतील विमानांत मात्र प्रामुख्याने २०२४ आढळतो, कारण वारंवार ताणल्या जाणाऱ्या भागात भेग वाढू न देण्याचा त्याचा गुण मोलाचा आहे. त्यातील तांब्यामुळे तो लवकर गंजतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. ७०७५ वाकवताना सहज तडकतो. तो यंत्रावर कापून घडवलेल्या जाड भागांसाठीच ठेवावा, असे माझे मत आहे. आराखड्यात २०२४ लिहिले असताना त्याच जाडीचा ६०६१ वापरणे तर धोक्याचेच, कारण त्या भागाचे गणित वेगळ्या बळावर मांडलेले असते.

पत्र्यावर खुणा करतानाही शिसपेन्सिल वापरू नये: तिच्यातील ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम यांच्यात ओलाव्यामुळे विद्युत-रासायनिक क्रिया होऊन नेमक्या त्या रेषेवर गंज धरतो. त्यासाठी बारीक टोकाचे मार्कर पेन वापरतात.