मशीन घेण्यापूर्वी: पडद्यामागच्या तीन हाडांविषयी

दादरच्या आमच्या दुकानात येणारे बहुतेक ग्राहक "नस कमजोर झाली असेल, मशीन दाखवा" असे म्हणतच आत येतात. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काहींची नस ठणठणीत असते आणि अडथळा तिच्या अलीकडे, कानाच्या पडद्यामागच्या तीन हाडांत असतो. अशा ग्राहकाला त्याच दिवशी श्रवणयंत्र विकणे आम्हाला योग्य वाटत नाही.

हातोडी, ऐरण आणि रिकीब ही नावे या हाडांना त्यांच्या आकारावरून मिळाली आहेत. हातोडी पडद्याला चिकटलेली असते, ऐरण मधला सांधा जुळवते आणि रिकिबीची तळपट्टी आतल्या कानाच्या अंडाकृती खिडकीत बसते. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड असून त्याची उंची जेमतेम ३ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या कणीएवढी असते.

आतल्या कानात द्रव भरलेला असतो. तलावात बुडी मारली की काठावरचा आरडाओरडा एकदम मंदावतो, कारण हवेतला आवाज पाण्यावरून जवळजवळ सगळाच परततो. हाडांची ही साखळी नसती तर आपल्या कानातही तेच झाले असते. पडद्याचा सुमारे ५५ चौरस मिलिमीटरचा भाग जो दाब झेलतो, तो ३.२ चौरस मिलिमीटरच्या तळपट्टीवर एकवटतो, आणि त्यात हातोडी-ऐरणीच्या तरफेची थोडी भर पडून दाब सुमारे २२ पट होतो.

कान वर्षानुवर्षे वाहत राहिला तर ऐरणीचे टोक झिजते, डोक्याला मार बसला तर सांधा निखळू शकतो, आणि ओटोस्क्लेरोसिस या विकारात रिकीब खिडकीतच जखडते. हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो व बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. त्याची एक खूण चकित करणारी आहे: घरात ऐकू न येणाऱ्या व्यक्तीला लोकलच्या गर्दीत समोरच्याचे बोलणे उलट बरे ऐकू येते, कारण गाडीचा खडखडाट तिच्यापर्यंत कमी पोहोचतो आणि बोलणारा मात्र आवाज चढवून बोलत असतो.

म्हणून आम्ही हेडफोनने हवेतून आणि कानामागच्या हाडावर कंपक ठेवून, अशी दोन्ही प्रकारे तपासणी करतो. हाडावरून नीट ऐकू येते आणि हवेतून येत नाही, असे ऑडिओग्रामवर, म्हणजे या तपासणीच्या आलेखावर दिसले, तर आम्ही आपणांस आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवतो. जखडलेली रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतील डॉ. जॉन शी यांनी १९५६ साली केली, आणि तिच्या सुधारित पद्धती आज सर्रास वापरल्या जातात. शस्त्रक्रिया नको असेल किंवा शक्य नसेल, तर श्रवणयंत्राचा पर्याय आहेच. नस शाबूत असल्याने अशा कानांना त्याचा फायदाही चांगला होतो.

तपासणीला येताना जुना ऑडिओग्राम असल्यास सोबत आणावा. कान वाहत असेल तर त्यात तेल घालू नये व आधी डॉक्टरांना दाखवावे. वाहत्या कानाचा, श्रवणयंत्र नीट बसावे म्हणून घ्यायचा साचा आम्ही घेत नाही.