‘बर्थ’पुढची आडवी रेघ

आठ-दहा वर्षांपूर्वी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘स्टॅट’ लिहून पुढे फाइलचं नाव दिलं, की आकार, परवानग्या, मालक, तीन टाइमस्टॅम्प असं सगळं यायचं. तळाला मात्र ‘बर्थ’ या शब्दापुढे नुसती एक आडवी रेघ असायची. फाइल कधी जन्मली? माहीत नाही. गंमत अशी, की १९७१ साली हेच विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

लिनक्स ज्या साच्यावर बेतलं ते युनिक्स केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं. त्याचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं. त्यातही ‘स्टॅट’ हा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमकडे करायची विनंती, आहे. फाइलचं नाव आणि ३४ बाइटची मोकळी जागा द्यायची, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ती भरून देई. त्यात आयनोडचा (फाइलच्या डिस्कवरच्या नोंदीचा) क्रमांक, परवानग्यांसारख्या खुणा म्हणजे फ्लॅग, लिंकांची (फाइलला दिलेल्या नावांची) संख्या, मालक, आकार, डिस्कवरच्या ब्लॉकांचे आठ पत्ते, निर्मितीची वेळ आणि शेवटच्या बदलाची वेळ. उरलेले दोन बाइट रिकामे. फाइलचं नाव यात कुठेच नाही, कारण युनिक्समध्ये नाव डिरेक्टरीत राहतं आणि बाकीचा सगळा तपशील आयनोडमध्ये. (आयनोडमधला ‘आय’ कशाचा हे पुढे रिचींनाही खात्रीने सांगता आलं नाही, बहुधा ‘इंडेक्स’चा, असा त्यांचा अंदाज.) आणखी एक, फाइल वाचायची परवानगी नसली तरी स्टॅट चालायचा, फक्त तिथवरच्या डिरेक्टरींतून जाता आलं पाहिजे. घराला कुलूप असलं तरी दारावरची पाटी वाचता येतेच. हा नियम आजही तसाच आहे.

वेळ तेव्हा सेकंदाच्या साठाव्या भागात मोजत. ३२ बिटांत असा हिशेब सव्वादोन वर्षांतच संपतो, म्हणून पुढे १९७० पासूनचे सेकंद मोजायला सुरुवात झाली. तेही ३२ बिटांत पुरणारे नाहीत: १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांपर्यंतच.

युनिक्सच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत पाहिलं तर निर्मितीची वेळ गायब. उरल्या दोनच, शेवटचं वाचन आणि शेवटचा बदल. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तिसरी आली, ‘सीटाइम’. मूळ कोडात तिच्यापुढे ‘टाइम क्रिएटेड’ अशी टीप आहे, पण परवानगी बदलली तरी ती वेळ बदलते! म्हणजे ‘सी’ हा क्रिएशनचा नव्हे, चेंजचा. या एका अक्षराने आजवर किती जणांना चकवलं असेल कोण जाणे.

मग जन्मतारखेचा रकाना परत का घातला नाही? अडचण अशी, की या माहितीची मांडणी प्रत्येक कंपाइल झालेल्या (यंत्राच्या भाषेत उतरवलेल्या) प्रोग्रॅममध्ये पक्की बसलेली असते. छापून वाटून झालेल्या फॉर्ममध्ये मध्येच रकाना घुसवला तर जुने अर्ज वाचायचे कसे? २ जीबीपेक्षा मोठ्या फाइली आल्या आणि आकाराचा रकाना अपुरा पडला, तेव्हा ३२ बिटी लिनक्सने ‘स्टॅट६४’ हा वेगळाच कॉल काढला. त्याआधीही मांडणी एकदा बदलली होतीच. तो जुना कॉलही ‘ओल्डस्टॅट’ म्हणून टिकून होता.

२००८ च्या अखेरीस स्थिर झालेली लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) जन्मवेळ डिस्कवर लिहून ठेवत होती. फ्रीबीएसडी या युनिक्सच्याच घराण्यातल्या सिस्टिमवर जन्मवेळ विचारताही येई. लिनक्सचा स्टॅट मात्र ती देऊ शकत नव्हता. लिनक्स कर्नलचे एक प्रोग्रॅमर डेव्हिड हॉवेल्स यांनी २०१० मध्ये नव्या कॉलचा प्रस्ताव मांडला, आणि चर्चा इतकी लांबली की ‘स्टॅटएक्स’ कर्नलमध्ये आला तो एप्रिल २०१७ मध्ये, ४.११ आवृत्तीत. काय काय हवं ते प्रोग्रॅमने आधी सांगायचं. कर्नल उत्तरासोबत कोणते रकाने खरोखर भरले तेही कळवतो. पुढच्या भरीसाठी या वेळी जागाही राखून ठेवली आहे.

२०१९ मध्ये स्टॅट कमांडही हा कॉल वापरू लागली आणि रेघेच्या जागी तारीख दिसू लागली. पण जुना फोटो ‘सीपी -पी’ने, म्हणजे बदलाची तारीख जपणाऱ्या कमांडने, कॉपी करून पाहा. बदलाची तारीख मूळ फोटोची येते आणि जन्म आजचा. म्हणजे फाइल जन्मण्याआधीच बदललेली!